राग आला की कुठे जातेस?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, खोलीत अंधार, आणि वरच्या बंकवरून माझी फिलिपिनो रूममेट मोबाईलचा टॉर्च माझ्या तोंडावर मारून कुजबुजत विचारतेय, "सो, टेल मी, व्हाय यॉटिंग?" मी खालच्या बंकवर मांडी घालून बसलेय, केसांचा घट्ट अंबाडा, खाली पायजमा आणि वर पांढरा पोलो शर्ट, कारण तिचं म्हणणं असं की शर्ट घातल्याशिवाय मूड येत नाही. समोरच्या पडद्यामागे तिसरी झोपलीये, केरळची, तिची पहाटे पाचची ब्रेकफास्ट शिफ्ट असते म्हणून आम्ही दोघी माझ्या इंटरव्ह्यूची सगळी तयारी कुजबुजतच करतो. बारा दिवस झाले हे चाललंय. त्याचा एक तोटा असा झाला की परवा खऱ्या इंटरव्ह्यूला पण मी पहिली दोन मिनिटं कुजबुजतच बोलत होते, पलीकडची बाई दोनदा म्हणाली, तुझा माईक बघ जरा.

मी दुबईत एका हॉटेलात हाउसकीपिंगला आहे, तीन वर्षं झाली, राहायला अल कूझला स्टाफ अ‍ॅकोमोडेशन. आमच्या हॉटेलच्या सर्व्हिस कॉरिडॉरला टोकाला एक छोटी खिडकी आहे, तिथून मरिनातल्या पांढऱ्या बोटी दिसतात, आणि ट्रॉली तिथे लावून दोन मिनिटं पाठ टेकायची सवय सगळ्यांनाच, पण बाकीच्या मोबाईल बघतात आणि मी बोटी बघायचे. एक दिवस दिसलं की एका बोटीच्या मागच्या डेकवर एक मुलगी गुडघ्यावर बसून काहीतरी पुसतेय, आणि ती माझ्या मजल्यावरची पोर असल्यासारखं मी मनात म्हटलं, अगं कापड उलटं धर. तिथून सुरुवात. मग कळलं रूममेटची चुलतबहीण अशाच एका बोटीवर स्ट्युअर्डेस आहे, आणि मग पगार कळला, आणि मग मला झोप आली नाही.

यॉट म्हणजे काय हे घरी समजावताना माझी दमछाक झाली. आमच्याकडे बोट म्हटलं की भाऊचा धक्का नाहीतर मांडव्याची लाँच. बाबांना वाटलं क्रूझ, आमचा एक चुलतमामा क्रूझवर होता त्यामुळे ते लगेच "सीडीसी (म्हणजे खलाशाचं पुस्तक) काढलीस का, एजंट कोण" वगैरे सुरू झाले. क्रूझवर तीन-चार हजार माणसं असतात बाबा, इथे पाहुणे जास्तीत जास्त बारा. हा आकडा कोणाच्या मर्जीतला नाही, बारापेक्षा एक जरी पॅसेंजर जास्त घेतला की कायद्याने ती बोट पॅसेंजर शिप होते आणि तिला मग मोठ्या जहाजाचे सगळे नियम लागतात, म्हणून अगदी पन्नास मीटरच्या बोटीवर पण बाराच. आणि त्या बारांसाठी क्रू पण साधारण तेवढाच. कॅप्टन, त्याच्या हाताखालचा मेट, डेकवरची पोरं, इंजिनीअर, शेफ, आणि आतलं सगळं बघणाऱ्या बायका (मुलगे पण असतात, कमी) म्हणजे इंटिरिअर. त्यात वर चीफ स्ट्यू (स्ट्युअर्डेसचं स्ट्यू), मग सेकंड, आणि सगळ्यात खाली ज्युनिअर स्ट्यू. मला ती ज्युनिअर व्हायचंय. तिच्या वाट्याला लाँड्री, केबिनी, संडास-बाथरूम, आणि क्रूच्या जेवणाच्या खोलीतली साफसफाई.

आई सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे कोणाच्या तरी घरी कामाला." मी म्हटलं हो, तसंच, फक्त घर हलतं. ती म्हणाली, "जेवण त्यांचं?" हो. "राहणं त्यांचं?" हो. "मग पगार काय कमी सांगितला तर घेऊ नको." आईने शिवाजी पार्कला चार घरांचा स्वयंपाक सतरा वर्षं केलाय. माझ्या मैत्रिणींच्या आया रडल्या असत्या बहुतेक, माझ्या आईने पगार विचारला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी फोन ठेवल्यावर जिना उतरून खाली जाऊन चहा प्यायले.

तर तयारी. आधी कागदं. एसटीसीडब्ल्यू म्हणजे खलाशांचं जगभर चालणारं ट्रेनिंग, त्याचं बेसिक मी मागच्या रजेत मुंबईत करून घेतलं, रजा पण गेली आणि साठवलेले पैसे पण. समुद्रावर नोकरी करायची तर हे लागतंच, बोट खासगी असो नाहीतर तेलाची. लाइफजॅकेट घालून तलावात उडी मारायची, उलटलेला राफ्ट सुलटा करायचा, धुराने भरलेल्या खोलीत भिंत चाचपत जायचं, आग विझवायची, फर्स्ट एड, सिक्युरिटी. आणि त्यात एक विषय असतो पर्सनल सेफ्टी अँड सोशल रिस्पॉन्सिबिलिटीज, म्हणजे बोटीवर एकमेकांशी कसं वागायचं, दारू, थकवा, भांडणं, दुसऱ्याच्या झोपेचा मान. वर्गात सगळे पेंगत होते. मला मात्र सारखं वाटत होतं की ह्या विषयाचा पेपर आमच्या चाळीतली कुठलीही बाई काढू शकेल, आणि तपासू पण शकेल.

मग ईएनजी वन, ती ब्रिटिश मेडिकल, जास्तीत जास्त दोन वर्षं चालते, त्यात ते रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायला लावतात. मला सगळे दिसले. डॉक्टरने विचारलं, सी-सिकनेस? आपल्या मराठीत कसं सोपं आहे, एसटी लागते, घाट लागतो, बोट लागते. मला एसटी लागते. हे मी डॉक्टरला सांगितलं नाही कारण त्याने समुद्राचं विचारलं होतं, आणि समुद्राचा माझा अनुभव म्हणजे एकदा घारापुरी, एकदा मांडवा, आणि इथे क्रीकवरून एक दिरहमला पलीकडे नेणारी अब्रा, जी पोचायला पाच-सात मिनिटं लागतात. जन्म वरळीला, म्हणजे समुद्र चालत जायच्या अंतरावर, पण आम्ही समुद्राकडे कायम कठड्यावर बसून, कणीस खात बघितलंय.

सीव्हीचा प्रकार मला सगळ्यात विचित्र वाटला. हॉटेलच्या सीव्हीत कोणी विचारत नाही की तू सिगारेट ओढतेस का, दिसेल अशा जागी टॅटू आहे का, बॉयफ्रेंड आहे का आणि तो पण बोटीवरच आहे का. इथे हे सगळं वर, नावाच्या खालीच. नॅशनॅलिटी, व्हिसा, टॅटू. आणि फोटो लागतो, हसरा, पांढरा किंवा नेव्ही ब्लू पोलो शर्ट, मागे शक्यतो समुद्र. आम्ही दोघी सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेसहाला जुमेरा बीचवर गेलो, तिने माझे ऐंशी फोटो काढले आणि एकात मी बरी दिसले. माझ्या डाव्या मनगटावर प्रभादेवीच्या जत्रेत काढलेला टॅटू आहे, "आई", बारावी झाल्यावर काढला, शिरोरेघ थोडी तिरकी आलीये. आजीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण होतं आणि तिला कुणी कधी फॉर्म भरायला लावला नाही. मी फोटोत हात मागे घेतला. मग लिहिताना विचार केला की लपवून काय करणार, नंतर दिसणारच, घड्याळ घालून झाकावं म्हटलं तर काम करताना घड्याळ-अंगठ्या काढायला सांगतात, लाकडाला ओरखडे येतात म्हणून. शेवटी लिहिलं, एक लहान, मनगटावर, आईचं नाव. खरं तर आईचं नाव नाही ते, पण "मदर" असं लिहिलं तर कैद्यासारखं वाटत होतं.

आता व्हिसाचं, कारण हे कोणी सांगत नाही. इंटरनेटवर जे व्हिडिओ आहेत त्यात मुलगी बॅग पाठीवर टाकते, मार्चमध्ये अँटिबला जाते, क्रू हाउसमध्ये बेड घेते आणि सकाळी सातला पोर्ट वोबाँवर सीव्हीचा गठ्ठा घेऊन एकेका बोटीसमोर उभी राहते, गुड मॉर्निंग, डे वर्क, म्हणजे रोजंदारीचं काम, आहे का. ह्याला डॉकवॉकिंग म्हणतात. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ते अँटिब म्हणजे ह्या धंद्याचा दादर नाका समजा, हजारावर बोटी लागतात, क्रूच्या एजन्सी पण तिथेच. भूमध्य समुद्राचा सीझन साधारण मे ते सप्टेंबर, त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल भरती जोरात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मुली तिकीट काढतात आणि जातात. आपल्या पासपोर्टला युरोपचा शेंगेन व्हिसा लागतो, तो टुरिस्ट म्हणून मागायचा आणि जाऊन नोकरी शोधायची हे मला जमणार नव्हतं, एक तर खोटं आणि दुसरं म्हणजे माझ्या बँक खात्याकडे बघून मी टुरिस्ट आहे यावर कुठल्याही ऑफिसरचा विश्वास बसला नसता. वर एजन्सीवाले पहिलाच प्रश्न विचारतात, अमेरिकेचा बीवन-बीटू व्हिसा आहे का, कारण हिवाळ्यात बोटी कॅरिबियनला आणि फ्लोरिडाला जातात. नाही. म्हणजे आमच्यासारख्यांना राहतो तो रस्ता इथूनच, व्हिडिओ कॉलवर, आणि ज्या कॅप्टनला व्हिसाच्या कागदांची कटकट करायची तयारी असेल त्याच्याच दारात.

मधे एकाने प्रोसेसिंग फी म्हणून पैसे मागितले. गोड बोलत होता, मराठीच होता. पण समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी जो जागतिक करार आहे, २००६ चा मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, २०१३ पासून लागू, भारताने पण २०१५ मध्ये स्वीकारला, त्यात सरळ म्हटलंय की नोकरी लावून द्यायचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत. पासपोर्ट, मेडिकल असलं काही स्वतःच्या खर्चाने असू शकतं, पण नोकरीची किंमत नाही. मी त्याला हे पाठवलं, त्याने थम्ब्स अप केलं आणि नंतर ब्लॉक. बाय द वे, त्याच करारात विश्रांतीचे तास पण आहेत, चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर, आणि ते दहा तास दोनच तुकड्यांत तोडता येतात, त्यातला एक तुकडा सहा तासांचा हवाच. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे चौदा तास काम करून घेणार असं सरळ सांग ना."

कामाच्या तयारीत मला वाटलं होतं मी पास आहे. दिवसाला चौदा-पंधरा खोल्या करते मी, एका खोलीला अर्धा तास. पण यॉटवरचं काम म्हणजे त्याच्या उलट काहीतरी. तिकडे डिटेलिंग म्हणतात, आणि एका बाथरूमला दोन-दोन तास लागू शकतात. कापसाचा इअरबड घेऊन नळाच्या बुडाची फट साफ करायची. टूथपिकला कापड गुंडाळून स्विचच्या कडा. खोलीतले दिवे बंद करून टॉर्च तिरका धरायचा म्हणजे धूळ उभी राहिलेली दिसते (हे मी रात्री आमच्या खोलीत करून बघितलं आणि तीन दिवस मला झोपवेना). शॉवर वापरून झाला की दर वेळी काच आणि भिंत शॅमीने, म्हणजे पाणी शोषणाऱ्या मऊ फडक्याने, कोरडी करायची कारण पाण्याचा थेंब वाळला की डाग. चादर पलंगावर घालून तिथेच इस्त्री. व्हॅक्यूम करताना मागे मागे येत दारातून बाहेर पडायचं म्हणजे गालिच्यावर पावलं उमटत नाहीत, नुसत्या रेघा. कपाट आवरायच्या आधी फोटो काढायचा आणि पाहुण्याची वस्तू जशी होती तशीच परत ठेवायची, चष्म्याच्या काड्या ज्या दिशेला होत्या त्याच दिशेला. आणि बोट निघायच्या आधी सगळं आडवं, फुलदाण्या, ग्लासेस, साबणाच्या बाटल्या सुद्धा, कारण एक लाट आली की दहा लाखांची वस्तू जमिनीवर.

रूममेटने विचारलेला प्रश्न नंबर सात, तुझी एखादी चूक सांग. ह्याला लोक खोटं सांगतात, मी फार परफेक्शनिस्ट आहे वगैरे. माझ्याकडे खरी आहे. हॉटेलला लागून दुसरा महिना, एका बाथरूमच्या संगमरवरी ओट्यावर पाण्याचा पांढरा वण होता, मी संडासाचं डिस्केलर कापडावर घेतलं आणि घासलं. वण गेला आणि त्याच्या जागी बशीएवढं मंद वर्तुळ उमटलं, जसं आरशावर कोणी श्वास सोडलाय. मी पुसतेय, पुसतेय, जाईना. सुपरवायझरने येऊन बोट फिरवलं आणि सांगितलं हा डाग नाहीये, हा दगडच गेलाय. संगमरवर म्हणजे चुन्याचाच भाऊ, त्याला अ‍ॅसिड लागलं की वरचा थर खाल्ला जातो आणि चकाकी जाते, मग लिंबू असो, व्हिनेगर असो, वाइन असो. आमच्या घरी तर प्रत्येक डागाचं औषध चिंच नाहीतर लिंबू, आजीचा तांब्याचा हंडा दिवाळीत असा लखलखायचा, मला कुठे माहीत. दगड पॉलिश करायला माणूस बोलवावा लागला. माझ्या पगारातून कापले नाहीत, पण आठ दिवस मी त्या मजल्यावर गेले की मान खाली. यॉटवर तर पायरीपायरीला संगमरवर, ओनिक्स, आणि सागाचं डेक, त्यावर तर तेलाचा एक थेंब पडला तरी आरडाओरडा. म्हणून बूट काढून टोपलीत टाकायचे आणि चढायचं. अनवाणी. देवळात जातात तसं.

लाँड्रीची चिन्हं मी पाठ केली. त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोनात गोल म्हणजे ड्रायर, नुसता गोल म्हणजे ड्रायक्लीन, इस्त्रीत एक ठिपका म्हणजे सगळ्यात कमी गरम. हे गंमत म्हणून नाही, पाहुण्याचा सिल्कचा शर्ट ड्रायरमध्ये गेला तर तो बाहेर येतो तेव्हा पाहुण्याच्या नातवाला होतो. वाइनबद्दल मला चार वाक्यं येतात, ती लिहून वेळ घालवत नाही.

पण हे सगळं ज्याला म्हणतात ना, अभ्यास, ते मी केलं ते एका प्रश्नाला घाबरून. रूममेटच्या बहिणीने सांगितलं होतं की काम येतं का हे ते फार विचारत नाहीत, काम शिकवता येतं. त्यांना बघायचं असतं की हिच्याबरोबर राहता येईल का. क्रूच्या केबिनी बोटीच्या पुढच्या टोकाला, खाली, दोघींना एक, दोन बंक, एक छोटं कपाट, एक बाथरूम ज्यात वळताना कोपर लागतं, आणि नांगर टाकला की साखळीचा आवाज उशीखालीच. अशात पाच-सहा महिने. तर प्रश्न येणारच, तू कधी शेअरिंगमध्ये राहिलीयेस का.

आता ह्या प्रश्नाला माझ्याकडे जगातलं सगळ्यात भारी उत्तर आहे, आणि मी ते बारा दिवस रूममेटला पण दिलं नाही. मी तिला सांगायचे, येस, स्टाफ अ‍ॅकोमोडेशन, थ्री यर्स, आय अ‍ॅम व्हेरी फ्लेक्सिबल. खरं उत्तर म्हणजे वरळीची बीडीडी चाळ. तळमजला अधिक तीन, एका इमारतीत ऐंशी खोल्या, मधोमध अंधारा पॅसेज आणि दोन्हीकडे दारं, संडास मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून, खोली १६० चौरस फूट. त्यात आम्ही सात. आजी-आजोबा, आई-बाबा, काका, मी, भाऊ. काका आणि बाबा रात्री पॅसेजमध्ये झोपायचे, आजोबा गिरणीतून निवृत्त म्हणजे संपात गिरणीच निवृत्त झाली, ते पलंगावर, बाकी आम्ही खाली, ताटात पोळ्या ठेवल्यासारखे. मी दहावीचा अभ्यास पॅसेजच्या बल्बखाली काकांच्या पायाशी बसून केला. चादरीच्या आत कपडे बदलता येणं, दाराची कडी वर उचलून सरकवली की वाजत नाही हे माहीत असणं, अंधारात कोणाचाही हात न तुडवता मोरीपर्यंत जाणं, कोण जागं आहे आणि कोण झोपेचं सोंग घेतंय हे श्वासावरून ओळखणं. आणि ओळखून गप्प बसणं. आता तिथे टॉवर होतायत, आम्हाला पण ५०० फुटांचा फ्लॅट मिळणार, आई-बाबा ट्रान्झिटच्या तात्पुरत्या घरात बसून चावीची वाट बघतायत. पण हे सांगायची लाज वाटायची. लाज म्हणजे काय, त्या बाईला पन्नास मीटरच्या बोटीवर माझ्या १६० फुटांचं काय सांगायचं असं.

परवा इंटरव्ह्यू झाला. चीफ स्ट्यू दक्षिण आफ्रिकेची, पस्तिशीची असेल, बोट सध्या मार्सेलच्या बाजूला ला सिओताच्या यार्डात पाण्याबाहेर काढलेली, रिफिट म्हणजे डागडुजी चालू, त्यामुळे तिच्या मागे सतत कोणीतरी लोखंड घासत होतं आणि सगळं फर्निचर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. मी आमच्या लिनन रूममध्ये बसले होते कारण तिथेच वायफाय चांगलं येतं आणि मागे नुसते पांढरे टॉवेल दिसतात. संगमरवराची गोष्ट सांगितली, ती मनापासून हसली, म्हणाली तिच्या पहिल्या बोटीवर तिने लिंबाची फोड ठेवली होती. व्हिसाचं विचारलं, मी खरं सांगितलं. टॅटू दाखवायला सांगितला, दाखवला, तिने विचारलं काय लिहिलंय, मी सांगितलं, आणि ती एक मिनिट काहीच बोलली नाही. मग तो प्रश्न आला.

आणि मी चाळ सांगितली. कशी काय कोणास ठाऊक, फ्लेक्सिबल म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडली ती कडी. दाराची कडी वर उचलून कशी सरकवायची ते. मग पॅसेज, मग सात माणसं. मी बोलतच गेले. मला वाटलं जिंकले. तिने सगळं ऐकलं, काहीतरी लिहिलं, आणि विचारलं, "आणि राग आला की कुठे जायचीस?"

ह्याची तयारी नव्हती. कारण चाळीत रागाला जागाच जागा. राग आला की पॅसेजमध्ये यायचं आणि जोरात बोलायचं, म्हणजे आईला बोलायचं ते शेजारच्या काकूंना ऐकू जाईल असं. मग काकू मधे पडणार, मग काकूंच्या सासूबाई, मग पाचव्या खोलीतली कोणीतरी जिचा काही संबंध नाही ती मागच्या गणपतीतलं उकरून काढणार, अर्धा तास मजला दणाणणार, आणि संध्याकाळी काकूंकडून कोथिंबीर येणार. भांडण हे सगळ्यांच्या देखत करायचं असतं आणि मिटतं पण सगळ्यांच्या देखत. कोपऱ्यात जाऊन धुमसणाऱ्या माणसाची उलट आम्हाला काळजी वाटते. आणि बोटीवर नेमकं तेच चालत नाही. तिकडे वर पाहुणा आहे, भिंती पातळ आहेत, आवाज वर जाता कामा नये, चेहऱ्यावर येता कामा नये, आणि उतरून निघून जायला खाली समुद्र. मला एकदम कळलं की मी ज्याला माझं सर्टिफिकेट समजत होते ते अर्धंच आहे. दाटीत झोपायचं मला येतं. दाटीत गप्प बसून चिडायचं मला कोणी शिकवलेलं नाही.

इथे राग आला की मी खाली जाते, कॅफेटेरियातून दीड दिरहमचा करक चहा घेते आणि पेट्रोल पंपापर्यंत चालून येते. तेच सांगितलं. आणि म्हटलं, बोटीवर काय करेन मला माहीत नाही. सात-आठ सेकंद नुसतं ते लोखंड घासल्याचा आवाज. मला वाटलं झालं, गेलं. मग ती म्हणाली, "लाँड्री." म्हणजे? म्हणे सगळे लाँड्रीत जातात. ड्रायर चालू असला की बाहेर काही ऐकू येत नाही, दहा मिनिटं रडायचं, शिव्या द्यायच्या, तोंड धुवायचं, टॉवेलांची थप्पी उचलून बाहेर यायचं, कोणी विचारत नाही कारण टॉवेल हातात आहेत. डेकवरची पोरं सुद्धा कपडे न्यायच्या निमित्ताने येतात म्हणाली. "ज्युनिअरला लाँड्री देतात ना, म्हणून तिला बोटीवरचं सगळं माहीत असतं." आणि मग घड्याळ बघून म्हणाली की गुरुवारी कॅप्टन बोलेल.

तेव्हापासून मी आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत मुद्दाम रेंगाळतेय. आठ ड्रायर एकाच वेळी चालू असतात तेव्हा खरंच काही ऐकू येत नाही, काल मी तिथे उभी राहून मोठ्याने आईला हाक मारून बघितली, बाजूचा नेपाळी भाऊ चादरी घड्या घालत होता त्याने वळून सुद्धा पाहिलं नाही.

गुरुवारला दोन दिवस आहेत. त्यामुळे आता रूममेट कॅप्टन झालीये, आवाज जाड काढते, कुजबुजत जाड आवाज काढणं हे बघण्यासारखं आहे. कॅप्टन म्हणे सेफ्टीचं विचारतात, रात्री केबिनमध्ये धुराचा वास आला तर पहिलं काय करशील. आधी ओरडेन, अलार्म देईन. बरोबर. सीझन पूर्ण करशील का, मधेच सोडून जाणार नाहीस ना. नाही, आय अ‍ॅम फ्लेक्सिबल. बारा पाहुणे, दोन स्ट्यू आजारी, काय करशील. फ्लेक्सिबल. वरून टॉर्च हलतोय, ती हसू दाबतेय, मी उशी तोंडावर धरलीये, आणि एवढ्यात समोरच्या पडद्यामागून, जिची पाचची शिफ्ट आहे आणि जी गेले बारा दिवस घोरत होती, तिचा एकदम स्वच्छ, अजिबात झोपाळलेला नसलेला आवाज येतो,

"आज तीनदा फ्लेक्सिबल झालं. काल पाचदा. आणि पगाराचं अजून एकदाही विचारलं नाहीस."